पाण्याकाठचे घर कोणाचे?

दर रविवारी आमच्या वस्तीच्या बुद्धविहारात अभ्यासवर्ग भरतो. मागच्या महिन्यात वर्ग सुरू होण्याआधी एका मुलाने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. एका शहरात तळ्याच्या काठावर एका कुटुंबाने आपले जुने घर नव्याने सजवले होते. भिंत पाडून काचा लावलेल्या, पाण्यावर पुढे काढलेला लाकडी ओटा, संगमरवरी न्हाणीघर, आणि सकाळचा चहा पिताना समोर पसरलेले पाणी. पोरे बघत राहिली. 'काय भारी घर आहे!' असे दोघा-तिघांच्या तोंडून निघाले. धुणेभांड्यांची कामे करून घर चालवणारी आमची एक ताई मागे बसली होती. ती म्हणाली, "दादा, असल्या काचा पुसायला दोन तास लागतात. आणि पुसून झाल्यावर चहा मिळतो तो बाहेरच्या कपात."

वर्ग त्या दिवशी ठरलेल्या विषयावर झालाच नाही. चर्चा झाली ती पाण्याकाठच्या घराची. ती चर्चा आम्ही इथे मांडत आहोत, कारण पावसाळा जवळ आला की आमच्या नगरमध्ये आणि राज्यातल्या प्रत्येक शहरात हा प्रश्न नोटिशीच्या रूपाने वस्तीच्या दारात येतो.

आधीच एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही चांगल्या घराच्या विरोधात नाही. गरिबीचे गोडवे गाणे हा आमचा धंदा नाही. बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले ते ऐटीत बांधले, ग्रंथांसाठी बांधले. चांगले घर, उजेड, वारा, पुस्तकांची खोली ही माणसाची गरज आहे, असे त्यांनी स्वतःच्या जगण्यातून दाखवले. त्यामुळे 'तुम्ही लोक जळता' हा नेहमीचा टोमणा आमच्यापर्यंत आणू नका. आमचा प्रश्न वेगळा आहे. पाण्याकाठी राहणे हा एकासाठी 'व्ह्यू' आणि दुसऱ्यासाठी गुन्हा कसा काय ठरतो?

नगरकरांना पाण्यातले महाल नवे नाहीत. आमच्या शहराच्या बाजूला फराहबख्श बाग आहे, आपण तिला फर्याबाग म्हणतो. तळ्याच्या मधोमध उभा केलेला निजामशाही महाल. इतिहास सांगतो की पहिले बांधकाम राजाच्या पसंतीस उतरले नाही, म्हणून ते पाडून पुन्हा बांधायला लावले आणि १५८३ साली सलाबतखानाच्या देखरेखीखाली काम पूर्ण झाले. म्हणजे आमच्या शहरातले पाण्याकाठच्या आलिशान घराचे हे 'रिनोव्हेशन' सव्वाचारशे वर्षांहून जुने आहे! तळ्यात, बागांत आणि महालांत पाणी खेळवायला कापूरवाडी आणि आसपासच्या भागातून जमिनीखालून खापरी नळ टाकले गेले. आज इतिहासप्रेमी मंडळी या नळांचे कौतुक करतात. करावेच, कारण ती विलक्षण विद्या होती. पण चर खणणारे, खापरी नळ भाजणारे, गाळ काढणारे, नळ तुंबला की आत हात घालणारे कोण होते? त्यांची नावे कोणत्याच बखरीत नाहीत. राजाला घर आवडले नाही तर ते पाडून दुसरे बांधता येते. ज्यांनी ते दोनदा बांधले, त्यांचे स्वतःचे घर एकदा तरी पक्के होते का, हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकात विचारला जात नाही. तो आम्ही विचारतो.

आज तळे आटले आहे आणि महाल पडझडीत उभा आहे. पण पाण्याकाठी कोण राहणार आणि पाण्याकाठचे काम कोण करणार, ही वाटणी मात्र शाबूत आहे.

ही वाटणी केवळ पैशाची नाही. इथेच आमचे काही पुरोगामी मित्र गफलत करतात. आपल्या गावगाड्यात नदीवर वरच्या अंगाला कोणी पाणी भरायचे, खालच्या अंगाला कोणी, हे जातीने ठरलेले होते. वरच्यांनी वापरलेले पाणी वाहत खाली यायचे, आणि ते आमच्या आज्या-पणज्या भरायच्या. गावकुसाबाहेरची वस्ती कोणत्या अंगाला असावी हेही ठरलेले. पाण्याचा उतार आणि जातीची उतरंड एकाच दिशेने वाहत होती. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला 'अवकाश' आणि 'स्तरीकरण' असे दोन वेगळे धडे होते. वस्तीत काम करायला लागल्यावर कळले की तो एकच धडा आहे.

आता महाडकडे या. १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेने तसा ठराव केला. कागद तयार होता, पाणी मात्र बंद होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि हजारो लोकांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. हे आपण दरवर्षी सांगतो. पण पुढचा भाग कमी सांगितला जातो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सवर्णांनी बाबासाहेबांविरुद्ध दिवाणी दावा लावला. दाव्याचा गाभा काय होता? हे तळे सार्वजनिक नाहीच, ते खासगी आहे! तळ्याच्या भोवती ज्यांची घरे, तळे त्यांचे! जो रोज खिडकीतून पाणी बघतो, तो पाण्याचा मालक. दहा वर्षे हा खटला चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सवर्णांचा दावा फेटाळला.

म्हणून आम्ही म्हणतो की महाडचा लढा केवळ पाणी पिण्याचा नव्हता. काठावर घर असलेल्यांची पाण्यावर मालकी असते का, या प्रश्नाचाही तो निकाल होता. आज तळ्याकाठच्या, नदीकाठच्या, समुद्राकाठच्या सोसायट्या काठ बंद करतात, फाटक लावतात, पहारेकरी बसवतात, 'फक्त रहिवाशांसाठी' अशी पाटी ठोकतात. त्या पाटीखाली जुना महाडचा दावा वाचता आला पाहिजे. तेव्हा कारण विटाळाचे होते, आता सुरक्षेचे आहे. बाहेर राहणारे लोक बहुतेक तेच आहेत.

आणि ज्याच्याकडे पैसा आला, त्या आपल्या माणसाला तरी तिथे घर मिळते का? १९१७ साली बाबासाहेब कोलंबियात शिकून बडोद्यात नोकरीला आले. राहायला जागा मिळेना. पारशी विश्रामगृहात पारशी नावाने राहावे लागले. तिथेही लोक काठ्या घेऊन दारात आले आणि बाहेर काढले. जगातल्या नामांकित विद्यापीठात शिकलेला माणूस बागेत झाडाखाली बसून रडला. तुम्ही म्हणाल, ते दिवस गेले. मग हे ऐका. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात निर्णय दिला की सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा उपविधी संस्था करू शकते. एका छोट्या अल्पसंख्य समाजाची भीती आम्ही समजू शकतो. पण ही वाट एकदा कायद्याने मोकळी केली की तिच्यावरून कोण कोण चालणार? आडनाव विचारून, 'व्हेज की नॉनव्हेज' विचारून फ्लॅट नाकारणारे आपल्या प्रत्येकाला भेटले आहेत. आमच्यातल्या एकाला नगरच्याच एका उपनगरात डिपॉझिट द्यायच्या दिवशी सांगितले गेले, "घर भाच्याला द्यायचे ठरले." तो भाचा सहा महिने आला नाही. घर रिकामेच राहिले.

आता कायद्याकडे पाहू. पाण्याकाठच्या बांधकामाला कायदे नाहीत असे नाही. समुद्रकिनाऱ्यासाठी १९९१ पासून सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम आहेत. नद्यांसाठी पूररेषा आहेत. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये निर्बंध. नियम शहाणपणाचे आहेत. नदीला तिची जागा लागतेच. पण नियम कोणासाठी वाकतो आणि कोणासाठी मोडतो, हे पाहा.

मुंबईत वांद्र्याच्या बँडस्टँडवर 'मन्नत' आहे, हिंदी सिनेमाच्या सर्वात मोठ्या नटाचे समुद्रासमोरचे घर. वारसा यादीतली जुनी वास्तू. २०२५ मध्ये मागच्या इमारतीवर आणखी दोन मजले चढवण्यासाठी किनारा क्षेत्र प्राधिकरणाची परवानगी मिळाली, तिला हरित लवादात आव्हानही दिले गेले. त्या माणसावर आमचा राग नाही. त्याच्या नावावरून त्याला रोज पाकिस्तानात पाठवणाऱ्या टोळीत आम्ही कधीच उभे राहणार नाही. त्याने अर्ज केला, नकाशे दिले, परवानगी मागितली. आमचे म्हणणे नेमके हेच आहे. ज्याच्याकडे कागद आहे त्याच्यासाठी अर्ज आहे, सुनावणी आहे, तज्ज्ञ आहे, वकील आहे, अपील आहे. काम चालू असताना राहायला दुसरे घर आहे. वस्तीसाठी काय आहे? एक नोटीस, सात दिवस आणि जेसीबी.

कुलाब्याचा 'आदर्श' आठवा. ३१ मजले, समुद्रालगत. २०१० मध्ये प्रकरण गाजले, मुख्यमंत्र्यांचे पद गेले. २०११ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने इमारत पाडायला सांगितले, २०१६ मध्ये उच्च न्यायालयानेही तेच सांगितले, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने पाडकामाला स्थगिती दिली. इतक्या आदेशांनंतरही ३१ मजल्यांना हात लागला नाही. पत्र्याच्या एका खोलीला स्थगिती मिळेपर्यंत तिचे भंगार टेम्पोत भरलेले असते. २०१९ च्या अधिसूचनेने खाडीकाठची मर्यादा १०० मीटरवरून ५० मीटरवर आणली. श्रीमंताचे घर रेषेत बसत नसेल तर रेषाच सरकते. गरिबाचे घर रेषेत बसत नसेल तर गरीब सरकतो.

लवासा तर आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला. वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी डोंगर कापून परदेशी धाटणीचे शहर उभे करायचे ठरले. २००८ मध्ये खासगी कंपनीलाच नियोजन प्राधिकरणाचे अधिकार दिले गेले. २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवले, २०११ मध्ये अटींसह पुन्हा मोकळे केले. पुढे कंपनी दिवाळखोरीत गेली. तळ्याकाठचे बंगले रंग उडालेले उभे राहिले. ज्या डोंगरात आदिवासींच्या जमिनी होत्या तिथे कोणाचे सुख झाले?

आता सीनेकडे. आमचे शहर सीना नदीच्या काठावर वसले. आता सरकारी कागदावर शहराचे आणि जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. नदीचे काय झाले? शहराचे सांडपाणी पोटात घेऊन ती वाहते. पूर आला की कल्याण रस्त्यावरची वाहतूक अडते, मग दोन दिवस पेपरात फोटो येतात आणि तिसऱ्या दिवशी 'नदीकाठची अतिक्रमणे' हा शब्द येतो. हा शब्द उच्चारला की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पत्र्याची घरे येतात. भराव टाकून पात्र अरुंद करणारे प्लॉटिंग, ओढ्यावर स्लॅब टाकून वाढवलेली आवारे, नाल्यात सरकलेली कुंपणाची भिंत डोळ्यांसमोर येत नाही. आमची ती ताई ज्या बंगल्यात काचा पुसते, त्याची मागची भिंत नूतनीकरणात ओढ्याच्या बाजूला सरकली. तिथे आता हिरवळ आणि झोका आहे. ओढ्याचे पाणी मात्र कुठे तरी जाणारच ना? ते खाली राहणाऱ्या ताईच्या घरात शिरते. ती सकाळी ज्या घराच्या काचा पुसते, त्याच घराच्या भिंतीने वळवलेले पाणी रात्री स्वतःच्या घरातून उपसते. वरचा अंग आणि खालचा अंग. गाव सुटले, गावगाडा शहरात आला.

आणि वस्ती तिथे का आली? हौसेने नाही. १९७२ च्या दुष्काळापासून आजपर्यंत कर्जत, जामखेड, पाथर्डी, पारनेरच्या कोरड्या भागातून माणसे शहराकडे येत आहेत. जमीन नाही, वतनाचे तुकडे गेले, गायरानावर सातबारा नाही. प्रवरेवर भंडारदरा, निळवंडे, मुळेवर मुळा धरण. जिल्ह्यात पाणी नाही असे कोण म्हणेल? पण धरणाचे पाणी ज्याच्याकडे जमीन आहे त्याच्या उसाला गेले. भूमिहीनाच्या वाट्याला धरण आले ते कोयत्याच्या रूपाने. तो शहरात आला तेव्हा मोकळी होती ती एकच जागा, जिथे कोणी राहू इच्छित नव्हते. नाल्याचा काठ. आज त्या काठाला भाव आला, सुशोभीकरणाच्या योजना आल्या, म्हणून त्याला पर्यावरणाचे धडे दिले जातात.

ज्यांना बाबासाहेब फक्त पुतळ्यापुरते ठाऊक आहेत त्यांना सांगतो. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया घालण्यात त्यांचा हात होता. पूर, वीज, सिंचन, वाहतूक हे सगळे एकत्र पाहून नदीचा विचार करा आणि त्याचा लाभ सामान्य माणसापर्यंत न्या, ही त्यांची दिशा. पाणी ही सार्वजनिक संपत्ती आहे, हे त्यांनी महाडला ओंजळीने सांगितले आणि दिल्लीत योजनेने सांगितले.

आता कटू बोलतो, आणि हे आपल्याच लोकांना उद्देशून आहे. आपल्यातल्या काहींची घरे आता चांगली झाली आहेत. आनंद आहे. दिवाणखान्यात बुद्धमूर्ती, मूर्तीपुढे छोटे कारंजे, अंगणात बोधिवृक्षाची कुंडी. पण १८ मार्च १९५६ ला आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दल जी व्यथा बोलून दाखवली, ती आपल्या घराला लागू होते का, हे कधी तपासले? नोटीस वस्तीत येते तेव्हा तिचे उत्तर लिहायला आम्ही दारोदार फिरतो. दहा शिकलेल्यांपैकी दोघे भेटतात. बाकीचे म्हणतात, 'ते लोक सुधारत नाहीत.' हे वाक्य आपण कोणाकडून शिकलो? काल आपल्या बापाबद्दल हेच कोणी तरी म्हणत होते. आपल्या बंगल्यात काम करणाऱ्या बाईचा कप वेगळा आहे का, हेही आज घरी जाऊन पाहा. असेल तर आधी तो कप फोडा, मग वंदना घ्या.

दुसरे कटू बोल आम्हा कार्यकर्त्यांसाठी. सोनई आणि खर्डा ही नावे आपल्या जिल्ह्याच्या कपाळावर आहेत. हत्या झाली की आपण मोर्चे काढतो, काढलेच पाहिजेत. पण पूररेषेचा नकाशा कुठल्या कार्यालयात मिळतो, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? विकास आराखड्यावर हरकत किती दिवसांत घ्यायची, हे किती जणांना ठाऊक? अत्याचार एका रात्रीत होतो, पण त्याची जमीन रोजच्या नकाशात तयार होते. कोण कुठे राहील, कोणाच्या दारातून कोणाचे पाणी वाहील, कोण कोणाच्या परवानगीने उभा राहील, हे आधी ठरते.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत.

एक, सीना आणि तिला मिळणाऱ्या ओढ्या-नाल्यांच्या पूररेषा प्रत्येक प्रभागात, मराठीत, मोठ्या नकाशावर लावा. त्या रेषेच्या आतल्या प्रत्येक बांधकामाची यादी लावा. पत्र्याचे घर आणि स्लॅबचा बंगला एकाच यादीत, एकाच क्रमाने. कारवाई करायची तर आधी भराव आणि भिंतींवर करा, कारण पात्र त्यांनी अडवले आहे.

दोन, पुराचा धोका खरा आहे, म्हणून वस्ती तिथेच बुडत राहावी असे आम्ही म्हणत नाही. पण पुनर्वसन आधी, पाडकाम नंतर. तेही कामाच्या ठिकाणापासून आणि पोरांच्या शाळेपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला. तरीही पाडकामाला मुभा दिली, फक्त पावसाळा संपेपर्यंत थांबा म्हटले. चाळीस वर्षांनंतर आम्हाला पावसाळ्यापुरती दया नको, घर हवे. पुरावा मागताना रेशनकार्ड, मतदारयादी, वीजबिल, शाळेचा दाखला यांतले जे असेल ते ग्राह्य धरा.

तीन, नदीचा, तळ्याचा काठ सर्वांसाठी मोकळा ठेवा. सुशोभीकरण करायचे तर फाटकाशिवाय करा. ज्या अहिल्यादेवींचे नाव जिल्ह्याला दिले, त्यांनी देशभर घाट बांधले, विहिरी बांधल्या. त्या काळी त्या घाटांवर आमच्या पूर्वजांना जागा नव्हती, हेही खरे. मग नाव दिलेच आहे तर जे तेव्हा राहिले ते आता पूर्ण करा.

चार, हे आपल्या लोकांसाठी. प्रत्येक विहारात महिन्यातून एक दिवस कागदांचा वर्ग घ्या. नोटीस वाचणे, उत्तर लिहिणे, माहितीचा अर्ज करणे, हरकत नोंदवणे. शिकलेल्यांनी महिन्याला दोन तास द्यावेत. वर्गणी नको, दोन तास द्या.

आमच्या अभ्यासवर्गातल्या त्या मुलाने शेवटी विचारले, "म्हणजे आपण तसले घर बघायचेच नाही का?" आम्ही म्हटले, बघ की, आणि बांधही. फक्त त्याची मागची भिंत ओढ्यात सरकवू नकोस, काठाला कुलूप लावू नकोस, आणि काचा पुसणाऱ्या ताईला तुझ्याच कपात चहा दे. यावर ताई हसली आणि म्हणाली, "आधी माझ्या घरात यंदा पाणी शिरणार नाही एवढे बघा, मग ह्याच्या बंगल्याचे बघू."

ताईचे म्हणणे रास्त आहे. पुढच्या रविवारी विहारात सीनेचा नकाशा पसरणार आहोत. या.

जय भीम!